बँक कोणती? आधी काम सांगा, मग बँक सांगतो

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्यातला सूर तसाच ठेवून छपाईपुरता नीटनेटका केला आहे.)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, त्याबद्दल सगळ्यांचं आधी अभिनंदन. समितीने मला अर्धा तास दिलाय. बँकेतून निवृत्त झालेला माणूस आणि त्याच्या हातात माईक, म्हणजे धोका आहे हे मला कळतं. तरी वेळ पाळायचा प्रयत्न करतो.

विषय साधा आहे. निवृत्त झाल्यापासून असा एक आठवडा जात नाही, की कुणी मला विचारलं नाही, "साहेब, कोणती बँक चांगली?" मी उलट विचारतो, "काम काय आहे?" पेन्शन घ्यायची आहे, सोयाबीनचे पैसे ठेवायचे आहेत, मुलाला मोटारसायकल घ्यायची आहे की घरावर मजला चढवायचा आहे? दवाखान्यात गेल्यावर आपण "औषध कोणतं चांगलं" असं विचारत नाही, आधी दुखणं सांगतो. बँकेचंही तसंच आहे.

पण आज बोलायचं आणखी एक कारण आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने सूचना मांडली, की आपला दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बँकेत कमी व्याजावर पडून आहे, तो जास्त व्याज देणाऱ्या संस्थेत हलवावा. निर्णय पुढच्या सभेवर गेला. म्हणजे आज ऐकून पुढच्या सभेत तुम्हाला हात वर करायचा आहे. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, सोसायटीचे चार पैसे वाढावेत हाच. तेव्हा रागलोभ न ठेवता हिशेब मांडू.

आपल्याकडचा पैसा कुठून कुठे आला

आपला भोकरदन तालुका, आपला जालना जिल्हा, सगळा जुन्या हैदराबाद संस्थानातला. आमच्या वडिलांच्या पिढीने हाली शिक्का वापरला. त्या संस्थानाची बँक म्हणून १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक निघाली. १९५६ मध्ये ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आजही आपल्याकडची म्हातारी माणसं "हैदराबाद बँकेत जाऊन येतो" म्हणतात ती हीच.

पण बँक होती म्हणजे शेतकऱ्याला मिळत होती असं नाही. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. शेतकऱ्याने काढलेल्या शंभर रुपयांच्या कर्जापैकी सुमारे सत्तर रुपये सावकाराचे होते. सहकारी संस्थांचे तीन आणि व्यापारी बँकांचा जेमतेम एक रुपया. पुढे १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. १९७५ ला ग्रामीण बँकांची कल्पना आली आणि १९७६ मध्ये नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. आपल्याकडे औरंगाबाद-जालना ग्रामीण बँक होती. २००९ पर्यंत या एकत्र येऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात आली, आता साऱ्या राज्याला एकच ग्रामीण बँक आहे.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की आपल्या आजोबांपुढे एकच दरवाजा होता. आज आपल्यापुढे दहा आहेत. दरवाजे वाढले की फसायच्या जागाही वाढतात.

पाटीवर काय लिहिलंय ते वाचा

आता हे दहा दरवाजे ओळखू या.

पहिल्या सरकारी बँका. दुसऱ्या खासगी बँका. तिसरी ग्रामीण बँक. चौथ्या सहकारी बँका, म्हणजे जिल्हा मध्यवर्ती बँक आणि शहरातल्या नागरी सहकारी बँका. पाचव्या स्मॉल फायनान्स बँका. या पाचही प्रकारांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि ठेवीला विमा असतो.

सहावं आपलं पोस्ट. त्याच्या बचत खात्यामागे आणि अल्पबचत योजनांमागे थेट केंद्र सरकार आहे, त्यामुळे तिथे विम्याचा प्रश्नच येत नाही. त्याच पोस्टात १ सप्टेंबर २०१८ पासून पोस्ट पेमेंट्स बँकही आहे. ती पोस्टमनच्या हाताने घरपोच पैसे देते, पण तिच्यात दोन लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत आणि ती स्वतः कर्ज देत नाही.

सातवी पतसंस्था. ती राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली. आठवी मल्टिस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणारी पतसंस्था. ती २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली, तिचे निबंधक दिल्लीत. नववी फायनान्स कंपनी, यात सोनेतारण, गाडीकर्ज, घरकर्ज आणि बचत गटाच्या बायकांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्या आल्या. आणि दहावा सावकार, परवानाधारक किंवा बिगरपरवाना.

यात एक रेघ ओढा. पहिल्या पाचांच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट यांना नाही. त्यांच्या दारावर काच असते, एसी असतो, काउंटरवर टापटीप मुलं-मुली असतात, पासबुकही छापून मिळतं. दिसायला बँकच. पण ती बँक नव्हे. अशा संस्थांनी नावात "बँक" शब्द वापरू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे बजावलं होतं.

सगळ्या पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही, म्हणणार नाही. गावोगाव प्रामाणिकपणे चालवलेल्या पतसंस्था मी पाहिल्या आहेत. ज्या भाजीवाल्या मावशींना बँक दारात उभी करत नव्हती, त्यांना रोजच्या पिग्मीवर पाच हजाराचं कर्ज पतसंस्थेनेच दिलं. पण चांगल्या माणसाने चालवलेली संस्थासुद्धा विम्याशिवायचीच असते. तो चांगला माणूस उद्या संचालक नसला, तर?

रोजचं खातं : इथे व्याज बघूच नका

रोजच्या वापराच्या खात्याला व्याज किती, हा प्रश्न दुय्यम आहे. बचत खात्यात वर्षभर सरासरी वीस हजार राहिले आणि एका बँकेने एक टक्का जास्त दिलं, तर फरक वर्षाला दोनशे रुपये. सहा महिन्यांत किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड त्याहून जास्त बसू शकतो.

तेव्हा चार गोष्टी विचारा. एक, किमान शिल्लक किती आणि ती मोडली तर दंड किती. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्येच बंद केला, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही तो काढून टाकला. खासगी बँकांत तो बहुधा असतो आणि भारी असतो. दोन, एटीएममधून महिन्याला किती वेळा फुकट. तीन, एसएमएसचे, कार्डाचे, चेकबुकचे पैसे किती. चार, आणि आपल्यासारख्यांना सगळ्यात महत्त्वाचं, शाखा किती लांब आणि तिथे माणूस बोलतो का. मोबाईलवर सगळं होतं हे तरुणांना ठीक आहे. पण दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बोटाचा ठसा उमटत नाही तेव्हा बोलायला माणूसच लागतो.

ज्यांना शिल्लक ठेवणं शक्य नाही, त्यांच्यासाठी मूलभूत बचत खातं असतं, शून्य शिल्लकीचं. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेलं जनधन खातं याच प्रकारातलं. ते मागायला लाजू नका. आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंना, राखणदाराला हे सांगा. बँक नाही म्हणाली तर नाही का, ते लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळ कामं होतात, हा माझा बँकेच्या आतल्या बाजूचा अनुभव.

आणि आता हात जोडून सांगतो, प्रत्येक खात्याला वारसाचं नाव लावा. मी शाखेत असताना एक आजी यायच्या. यजमान गेले होते. खातं एकट्याच्या नावावर, वारस लावलेला नाही. घरात पैसा होता, पण त्यांच्या हातात नव्हता. प्रतिज्ञापत्र, मुलांच्या सह्या, त्यातला एक मुलगा पुण्याला, एक बोलत नसलेला. काही महिने त्या बाकावर बसून असायच्या. एक सही राहिली होती, तिची ही किंमत. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत वारस नेमता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. नवरा-बायकोचं खातं असेल तर "दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो" असा पर्याय घ्या. उद्या घरी गेल्यावर पासबुक काढा आणि पहिलं पान बघा. नोंद नसेल तर सोमवारी बँकेत जा.

ठेव : व्याज कशाचं मिळतं ते विचारा

आता मुद्द्याचं. समजा, निवृत्त माणसाचे पाच लाख आहेत. बँक देते सात टक्के. संस्था देते नऊ. फरक दोन टक्के, म्हणजे वर्षाला दहा हजार. दहा हजार कमी नाहीत, वर्षभराच्या औषधाची सोय होते. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे? पूर्ण पाच लाख. दहा हजारांसाठी पाच लाख पणाला लावायचे का, असा प्रश्न विचारला तर कुणीही नाही म्हणेल. संस्थेचा माणूस तो प्रश्न तसा विचारत नाही एवढंच. तो विचारतो, "काका, दहा हजार सोडता कशाला?"

माझ्या ओळखीचे एक शिक्षक. निवृत्तीची सगळी रक्कम एका मल्टिस्टेटमध्ये ठेवली. दोन वर्षं महिन्याच्या एक तारखेला व्याज आलं. तेच बघून भावाने ठेवली, मेहुण्याने ठेवली. तिसऱ्या वर्षी व्याज पंधरा दिवस उशिरा आलं. मग "पुढच्या महिन्यात", मग शटर बंद. मुलीचं लग्न ठरलेलं होतं. लग्न झालं, पण शेत गहाण टाकून. गुरुजींना पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण "माझ्यामुळे भाऊ बुडाला" हे ते जास्त वेळा बोलतात.

हे एकट्याचं नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांचे मोर्चे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले, २०२४ मध्ये प्रकरण ईडीपर्यंत गेलं. त्याच्या आदल्या वर्षी छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श पतसंस्थेचं प्रकरण झालं. त्या रांगांत आपल्यासारखेच लोक होते, निवृत्त, विधवा, ऊसतोड करून चार पैसे साठवलेले.

मग बँका बुडत नाहीत का? बुडतात. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ पासून निर्बंध होते आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. पण फरक बघा. बँकेच्या ठेवीला विमा आहे. ही मर्यादा १९९३ पासून एक लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम नव्वद दिवसांत द्यायची तरतूद आहे. रुपी बँकेच्या लहान ठेवीदारांना हा आधार मिळाला. पतसंस्थेच्या ठेवीदाराला तो मिळत नाही, त्याला संचालकांची मालमत्ता विकली जाईपर्यंत वाट बघावी लागते.

पाच लाखांचा नियम नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण गोंधळतात. पाच लाख हे एका माणसाचे, एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. भोकरदन शाखेत पाच आणि जालन्याच्या शाखेत पाच ठेवले म्हणजे दहाचा विमा झाला, असं होत नाही. वेगळी बँक पाहिजे. आणि व्याज धरून असल्यामुळे बरोबर पाच लाख ठेवू नका, साडेचार ठेवा.

साठीच्या पुढच्यांना आणखी एक सांगतो. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. सध्या ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी व्याज, कमाल तीस लाख, मागे केंद्र सरकार. जो नऊ टक्क्यांच्या मागे पळतो आहे त्याला मी विचारतो, सरकार सव्वाआठच्या जवळपास देत असताना वरच्या पाऊण टक्क्यासाठी झोप का घालवता?

कर्ज : टक्का एकच, पण हिशेब दोन

ठेवीत चूक झाली तर पैसा जातो. कर्जात चूक झाली तर पैसा वर्षानुवर्षं जात राहतो.

कर्ज घेताना पहिला प्रश्न, "टक्का किती?" उत्तर येतं "बारा." तेवढ्यावर समाधान मानू नका. दुसरा प्रश्न विचारा, "सरळ का घटत्या शिलकीवर?" एक लाखाचं दोन वर्षांचं कर्ज घ्या. बारा टक्के घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता बसतो सुमारे ४,७०७ रुपये आणि एकूण व्याज जातं १३ हजारांच्या आत. तेच बारा टक्के सरळ असतील तर व्याज २४ हजार आणि हप्ता ५,१६७. कारण उघड आहे, तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण लाखावर लावलं जातंय. हे सरळ बारा टक्के म्हणजे खरे साडेएकवीस टक्के. शोरूममध्ये गाडी घेताना "फक्त सात टक्के" असं ऐकलं, की हा प्रश्न आधी आठवा.

यावर रिझर्व्ह बँकेने एक चांगला उपाय केलाय. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि लहान उद्योगांच्या कर्जाला ठळक माहितीपत्रक देणं बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात प्रोसेसिंग फी, विमा, इतर खर्च सगळं धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन ठिकाणची दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवा आणि तो एकच आकडा ताडून बघा. बाकी सगळी गोड बोलणी बाजूला. त्या पत्रकात जो खर्च दाखवलेला नाही, तो तुमच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

आता प्रकाराप्रकाराने थोडक्यात.

शेतीसाठी किसान क्रेडिट कार्डाला तोड नाही. तीन लाखांपर्यंत सात टक्के, वेळेत फेडलं तर केंद्राची तीन टक्क्यांची सवलत, म्हणजे चार. त्यावर राज्याची पंजाबराव देशमुख योजना, म्हणजे वेळेत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत व्याज जवळपास शून्यावर येतं. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारण द्यावं लागत नाही. पण "वेळेत" या शब्दावर सगळं उभं आहे. कर्जमाफीच्या आशेवर तारीख चुकवली, की सवलत गेली आणि सिबिलही गेलं. मग पोराच्या शिक्षणकर्जाला बापाचं सिबिल आडवं येतं.

घरासाठी. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घरकर्जावरच ही घरं उभी केली. वीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर साडेआठ आणि नऊ टक्के यांत अर्ध्या टक्क्याचा फरक दिसतो. हप्त्यात महिन्याला साधारण ६४० रुपये, वीस वर्षांत दीड लाखाच्या वर. त्यामुळे इथे घासाघीस करायला लाजू नका. व्यापारी बँकांची बदलत्या दराची घरकर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपो दरासारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत. २०२५ सालात रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. म्हणजे ज्यांचं कर्ज त्याला जोडलेलं आहे त्यांचा हप्ता किंवा मुदत कमी व्हायला हवी. ज्यांचं जुन्या पद्धतीत अडकलं आहे त्यांनी बँकेत जाऊन बदलून घ्यावं, थोडी फी लागते. गृहवित्त कंपन्यांना हा जोडणीचा नियम नाही, तिथे विचारल्याशिवाय दर खाली येईल असं धरून चालू नका.

आणि ज्यांचं कर्ज फिटलं त्यांच्यासाठी. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे, पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत घराचे मूळ कागद परत मिळालेच पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर रोजचे पाच हजार भरपाई. आपल्या सोसायटीत अजून दोघा-तिघांचे कागद बँकेत पडून आहेत, हे मला ठाऊक आहे. या आठवड्यात जाऊन आणा.

सोनेतारण. अडीनडीला हे वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतं. बँकेत दर कमी, फायनान्स कंपनीत काम लवकर. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मिळते म्हणून सगळी उचलू नका. वजन आणि शुद्धता आपल्यासमोर करा, पावतीवर लिहून घ्या.

बचत गटाच्या भगिनींनी हे ऐका. उमेद अभियानातून बँकेशी जोडलेल्या गटाला सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळतं. तीच बाई तीन मायक्रोफायनान्स कंपन्यांकडून वीस-पंचवीस टक्क्यांनी कर्ज घेते, कारण ते दारात येऊन देतात. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून घेतलं, की समजा गाडी घाटातून खाली सुटली. नियम सांगतो, सगळे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आणि वसुलीवाला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर दारात येऊ शकत नाही. आला तर त्याला हे ऐकवा.

मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपबद्दल तरुणांना एकच सांगतो. ज्याच्यामागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत कंपनी आहे हे दिसत नाही, ते ॲप काढून टाका. ते पाच हजार देतं आणि तुमची फोनची यादी घेतं.

राहिला सावकार. २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवाना लागतो आणि दरही ठरलेले आहेत. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला नऊ टक्के, विनातारण बारा. इतरांना पंधरा आणि अठरा. आपल्याकडे "शेकडा तीन, शेकडा पाच" जे चालतं ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाचे छत्तीस आणि साठ. बिगरपरवाना सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

आता सोसायटीचा निधी

आता मूळ सूचनेकडे येतो. सोयीसाठी धरून चालू, आपला निधी पंधरा लाख आहे आणि घरं चाळीस. दोन टक्के जास्त व्याज म्हणजे वर्षाला तीस हजार. चाळीस घरांत वाटले तर घरटी साडेसातशे, महिन्याला साडेबासष्ट रुपये. एवढ्यासाठी आपण पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन, रस्ता आणि उद्याची मोठी दुरुस्ती पणाला लावणार आहोत का?

दुसरी गोष्ट कायद्याची. दुरुस्ती निधी आपण बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड पाव टक्का या हिशेबाने जमवतो. हा पैसा समितीचा नाही, आजच्या सभासदांचाही पूर्ण नाही. उद्या या घरात जो राहील त्याचाही आहे. म्हणूनच सहकार कायद्याच्या कलम ७० ने सोसायटीचा पैसा कुठे ठेवायचा ते ठरवून दिलं आहे. जिल्हा मध्यवर्ती किंवा राज्य सहकारी बँकेत ठेवायचा तरी सलग तीन वर्षं "अ" लेखापरीक्षण वर्ग बघावा लागतो. ठराव करण्याआधी आपल्या लेखापरीक्षकांचं लेखी मत घ्या. नाहीतर उद्या शेरा बसेल आणि समितीच्या सदस्यांवर जबाबदारी येईल. ते आपलेच शेजारी आहेत, फुकट काम करणारे.

सहकारी बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर सोसायटीला आयकरात सवलत मिळते म्हणून तिथे ठेवा, असंही काही जण म्हणतात. मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे, चार्टर्ड अकाउंटंटला विचारून घ्या. पण विम्याच्या दृष्टीने सोसायटी हा एकच ठेवीदार आहे हे विसरू नका. पंधरा लाख एका बँकेत असतील तर विमा पाचाचाच.

तेव्हा माझी सूचना अशी. निधी चार वेगवेगळ्या बँकांत विभागा, प्रत्येकात पाच लाखांच्या आत, दोन सरकारी असाव्यात. मुदती एकदम संपू देऊ नका, दर काही महिन्यांनी एक ठेव पिकेल अशा ठेवा, म्हणजे मोटार जळाली तरी ठेव मोडावी लागणार नाही. दोघांच्या सहीशिवाय पैसा हलू नये. आणि दर वर्षी सभेत ठेवींच्या पावत्यांच्या झेरॉक्स सूचना फलकावर लावा. जास्त व्याज हवंच असेल तर लेखापरीक्षकांच्या मान्यतेने मुदत लांबवून घ्या, संस्था बदलून नको.

ज्यांना वैयक्तिक पैसा पतसंस्थेत ठेवायचाच आहे, त्यांना मी अडवणार नाही. पण बुडाला तरी घर चालेल तेवढाच ठेवा. आधी ताळेबंद मागा, थकीत कर्ज किती ते विचारा. संचालकांच्या स्वतःच्या धंद्यांना किती कर्ज दिलंय, हेही विचारा. उत्तर द्यायला जो रागावतो, त्याच्याकडे ठेव ठेवू नका.

आणि तक्रार करायला घाबरू नका. बँकेविरुद्ध आधी बँकेतच लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी नंबर १४४४८. ऑनलाइन पैसे गेले तर वेळ न घालवता १९३०. हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मंडळी, घड्याळ समितीच्या हातात आहे आणि ते मला दिसतंय. पंचवीस वर्षांपूर्वी ही जागा घेतली तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या खिशात पहिल्या हप्त्याचेही पूर्ण पैसे नव्हते. पै-पै करून हे उभं राहिलं. पुढच्या सभेत निधीचा ठराव येईल तेव्हा तीन प्रश्न विचारा. विमा आहे का? कलम ७० मध्ये बसतं का? आणि पैसा बुडाला तर टाकी कशातून बांधायची? तिन्हींची उत्तरं मिळाली, की मगच हात वर करा.

 प्रश्न असतील तर आत्ता विचारा किंवा संध्याकाळी पाराजवळ या. मी रोज तिथे असतो.